टाकीमागची तोटी

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही. नांदेडच्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. मग तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक सोपं आहे.

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचं कार्यालय सांभाळते. पर्समध्ये कायम एक छोटी डायरी असते. किराणा, औषधं, परीक्षेचे अर्ज – सगळं क्रमांक घालून लिहायचं आणि काम झालं की पुढे बरोबरची खूण करायची. लोक हसतात, पण सहल ठरली की माझ्याकडेच येतात.

आणि दुसरं – मी लातूरची आहे. गावाला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा जपून ठेवत होतो. तेव्हापासून वाहती तोटी दिसली की माझा हात आपोआप तिकडे जातो. लग्नाच्या कार्यालयात, दवाखान्यात, कुणाच्याही अंगणात. याचा मला अभिमान होता. होता – असंच म्हणायला हवं.

पुढे एका एप्रिलमध्ये स्टाफ आणि मुलंबाळं मिळून आम्ही चाळीसेक जण जिल्ह्यातल्याच मुरुडच्या बाजूला एका खाजगी प्राणी-उद्यानात गेलो. उद्यान कसलं – शेतात जाळ्या ठोकलेल्या, वर पत्रे. दोन इमू. छातीची पिसं स्वतःच उपटून घेतलेला एक मकाव पोपट. काचेच्या पेटीत एक इग्वाना, म्हणजे हातभर लांबीचा हिरवा सरडा. आणि अगदी टोकाला मार्मोसेट – परदेशातली माकडं, ओंजळीत मावतील एवढी, कानांशी पांढरे झुबके असलेली. जोडी होती. मालकानं पाटीवर इंग्रजी नाव लिहिलं होतं. त्यांना सांभाळणारे किसनमामा मात्र बाळ्या आणि सोनी म्हणायचे, आणि त्या हाकेला ती दोघं जाळीशी यायची.

मी डायरी काढली होतीच. पिंजरे लहान. पत्रा तापतो. मुलं कुरकुरे टाकतात, कुणी अडवत नाही. परतल्यावर पशुसंवर्धन खात्याला पत्र लिहायचं मी तिथंच ठरवलं. जनावरांसाठी कुणीतरी बोलायला नको का? मला खरंच वाटत होतं हो तसं.

मग मी स्वच्छतागृह बघायला मागच्या बाजूला गेले. मुलींना पाठवायच्या आधी मी नेहमी स्वतः बघून येते. तिथं सिमेंटची टाकी होती, टाकीमागे तोटी. ती अर्धी सुटलेली. पाण्याचा पाइप शेडकडे गेलेला, आणि पलीकडे लिंबाच्या आळ्यात पाणी साचून बाहेर वाहायला लागलेलं. एप्रिल महिना, आणि पाणी वाया चाललंय. मी तोटी बंद केली. घट्ट. डायरीत लिहिलं – ‘४. तोटी वाहत होती, बंद केली’ – आणि पुढे खूण केली. खाली पाचवं लिहिलं – ‘मामांना सांगणे.’

मामा तेव्हा आम्हालाच जेवायला वाढत होते. मालकानं त्यांना जनावरांकडून काढून पंगतीला लावलं होतं. हातात भाकऱ्यांची चवड, खांद्यावर पंचा. जेवण झाल्यावर सांगू, म्हटलं. जेवणानंतर मी विसरले. मी – विसरले.

दोन-अडीचच्या सुमाराला एका मुलीनं टोकाच्या पिंजऱ्यापाशी रडायला सुरुवात केली. आम्ही गेलो. बाळ्या खाली पडला होता, तोंड उघडं. सोनी त्याच्याजवळ बसून त्याच्या मानेवरचे केस विंचरत होती. एकेक केस वेगळा करून, सावकाश. तिचीही छाती भात्यासारखी हलत होती. तो मात्र हलत नव्हता.

मामा धावत आले. पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंना गोणपाटं टांगलेली होती, ती त्यांनी हातानं चाचपली. कोरडी ठाक. तेव्हा मला त्या पाइपचा अर्थ लागला. पाइप वर पत्र्याखाली आणून त्याला भोकं पाडली होती, पाणी गोणपाटांवर झिरपायचं आणि उरलेलं लिंबाला जायचं. ती जनावरं उन्हात जगावीत म्हणून मामांनी स्वतः केलेली सोय होती ती. माझ्या यादीत ‘पत्रा तापतो’ एवढंच होतं. गोणपाटं ओली का आहेत, हे मी सकाळी विचारलंच नव्हतं.

मालक आला. तरणा माणूस, पांढरा शर्ट. ओरडला नाही.

“मामा, तोटी सोडली नव्हती का?”

“म्या सकाळीच सोडली मालक. ह्या हातानं.”

“मग बंद कुणी केली? माकडानं?”

आमच्यातले दोघं-तिघं हसले. मालक माझ्याकडे वळला. “मॅडम, तुम्ही जेवणाआधी टाकीकडं गेलता ना? तोटी चालू होती का हो?”

इथं थांबते जरा.

पुढची दोन-तीन सेकंदं मी इतक्या वेळा जगले आहे, की त्यात काय काय मावू शकलं असतं ते मला पाठ आहे. “मी बंद केली” – तीनच शब्द. पर्स खांद्याला होती, डायरी पर्समध्ये, चौथ्या क्रमांकापुढे खूण. सगळे माझ्याकडे बघत होते.

“नाही,” मी म्हणाले. “बंद होती.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर मी हे सगळं केव्हाच विसरले असते, असं वाटतं. संशय नव्हता. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाले, “मॅडम समदं लिवून ठेवत्यात. त्यांचं चुकायचं न्हाई. म्याच इसरलो आसंल.”

मालकानं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आमच्यासमोरच. बसमध्ये मी डोकी मोजली. चाळीस भरली.

पत्र मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कुणी चौकशीला आलं असतं, त्या दिवसाचं विचारलं असतं. म्हणजे सोनी त्याच पिंजऱ्यात राहिली, तो पोपटही, आणि आता तोटी सोडायला मामा नव्हते. तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी गंजगोलाईत भाजी घेताना मागून हाक आली. “मॅडम, वळखलं का?” मामाच. मुलाकडे राहायला आले होते. वाळले होते. आम्ही फुटपाथवर उभ्या उभ्या बोललो. म्हणजे ते बोलले. माकडाच्या दिवसापासून डोक्यावर भरवसा राहिला नाही म्हणाले. घराला कुलूप लावलं तरी अर्ध्या वाटेतून परत जाऊन बघतात. सून गॅसला हात लावू देत नाही. नातीला शाळेतून आणायचं कामही काढून घेतलंय – म्हातारा पोरीला कुठंतरी विसरून येईल म्हणून. हे सांगताना ते हसले, जणू सुनेचं बरोबरच आहे.

तेव्हा तरी? भर बाजारात, आम्ही दोघंच, ओळखीचं कुणी ऐकणारं नसताना? तोंड उघडायला काय हरकत होती?

मग ते म्हणाले, “येक काम करता का मॅडम? तुमच्यासारखं मला बी लिवून द्या. सकाळपासून काय काय करायचं ते. चौथीपर्यंत शिकलोय, वाचता येतंय.”

मी डायरी काढली. तीच नव्हती – ती भरली होती, घरी कपाटात आहे, अजून आहे. कोरं पान फाडलं, भाजीवाल्याच्या क्रेटवर ठेवलं आणि मोठ्या, सुवाच्य अक्षरात लिहिलं. एक, रक्तदाबाची गोळी. दोन, गॅसचं बटण. तीन, दाराचं कुलूप. मामा वाकून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत होते. मग म्हणाले, “तोटी ऱ्हायली की.”

चार, तोटी – मी लिहिलं.

त्यांनी कागदाची चौकोनी घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. वरून दोनदा चाचपली. “लई उपकार झाले,” म्हणाले.

मी म्हणाले, “असू द्या, मामा.”