हजर असलेला माणूस

श्यामराव सोनकांबळे. मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन तर या माणसाचा, म्हणून नाव आधी लिहितो. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये ते सत्तावीस वर्षं डाय फिटर होते. पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या साच्यांची जुळणी त्यांच्याकडे असायची. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. गेल्या महिन्यात एका बुधवारी सकाळी, चऱ्होलीला मुलाच्या फ्लॅटमध्ये, चहा पिता पिता ते गेले. मला ते कळलं दुपारी चार वाजता, कंपनीतल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. वर कुणाच्या तरी भाचीच्या वाढदिवसाचा केक, खाली ‘मोटारसायकल विकणे आहे’, आणि मध्ये काका. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. एकाने घाईत अंगठा दाखवला होता, मग तो पुसून हात जोडले. ज्या माणसाने जन्मात मोबाइल घेतला नाही, त्याचं मरण मला मोबाइलने सांगावं… मी फोन टेबलावर आपटला. फुटला नाही. या वस्तू हव्या तेव्हा फुटतही नाहीत.

शोकसभेत बोलतात तसं गोड मला लिहिता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मला राग आहे. त्या यंत्राचा आहे, ते गळ्यात बांधणाऱ्यांचा आहे, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा आहे.

मी उदगीरकडच्या एका लहान गावातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. बी. कॉम. झालो आणि चाकणला आलो, तर काम मिळालं ते प्रेसवर पत्रा लावायचं, कंत्राटी. पदवीचा कागद पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवला होता आणि शिकलोय हे कुणाला सांगत नव्हतो. काका निघोज्यात राहायचे. भाषेवरून त्यांनी मला ओळखलं. “कुठला रे तू? उदगीरचा? मग जेवायला चल की.” त्यांच्या शेजारची खोली त्यांनीच मला मिळवून दिली. सुमनकाकूंच्या हातची ज्वारीची भाकरी खाता खाता माझ्या तोंडून पदवीचं निघालं. काका जेवायचे थांबले. ते स्वतः सातवी शिकलेले. “ग्रॅज्युएट आहेस? आणि दडवून ठेवलालास?” दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या शॉपभर सांगितलं. “राव, जपून बोला, आपल्यात ग्रॅज्युएट आहे.” पोरं हसायची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण ते चेष्टा करत नव्हते. लोकांचे रजेचे अर्ज, बँकेची पत्रं ते माझ्याकडून लिहून घ्यायचे. वर्षभरानंतर टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या खात्यात, जागा निघाली तेव्हा ते असे दहा-बारा कागद गोळा करून माझ्या आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. “हे अक्षर बघा. हा मजकूर बघा. असा माणूस पत्रा लावतोय.” मी हजेरीच्या खुर्चीवर बसलो तो असा. तीच खुर्ची पुढे त्यांच्यावर उलटली.

काकांना मोबाइल का नको, यावर शॉपमध्ये पुष्कळ गमती चालायच्या. कंजूष आहेत, घाबरतात, बायकोपासून लपतात… खरं कारण मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. शंभर टनी प्रेस चालू होता, काका त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या साच्याचे बोल्ट आवळत होते. न वळताच ओरडले, “थांबव. पंच बोथट झालाय.” पत्रा उचलून पाहिला तर पंचाने कापलेल्या कडेला बारीक धार सुटायला लागली होती. मोजमापात अजून काही आलं नव्हतं. “काका, कळलं कसं?” म्हणालो, तर म्हणाले, “ठोका जड पडत होता. कान रिकामा पाहिजे, बस. तुमच्या कानात सारखं कुणीतरी बसलेलं असतं.”

आणि दुसरं, त्यांच्या दाराला एक पाटी होती. शाळेतली काळी दगडी पाटी, लाकडी चौकटीची, दोरीने बांधलेल्या पेन्सिलीसकट. बाहेर जाताना ते तिच्यावर लिहायचे : ‘दळणाला गेलो आहे. सातला येतो.’ ‘आळंदीला. संध्याकाळी पाच.’ मी म्हणायचो, “काका, हे तुमचं स्टेटस का?” ते म्हणायचे, “खोटं असलं तर पुसून टाक.” पण मला कधी पुसायची वेळ आली नाही. सात म्हणजे सात. नंतर कळवायची सोय ठेवलेली नसली की माणसाला दिलेल्या वेळेला यावंच लागतं. आपण सगळे “निघालोय, पाच मिनिटांत पोचतो” असं आंघोळीला जाताना सांगणारे लोक. फोन हातात आल्यापासून शब्द मोडणं किती सोपं झालंय, हे मला त्या पाटीपुढे उभं राहिल्यावर टोचायचं आणि मी ते हसण्यावारी न्यायचो.

मग वर्षभरापूर्वी कंपनीत हजेरीचं अॅप आलं. त्याआधी फाटकावर बोट लावायचं यंत्र होतं, ते काढलं. आता प्रत्येकाने आपल्या फोनवर, कंपनीच्या आवारात उभं राहून, ‘हजर’ दाबायचं. आमच्या शॉपमध्ये फोन न्यायला बंदी होती, ती तशीच राहिली. म्हणजे फाटकावर ‘हजर’ दाबायचं आणि फोन तिथल्याच कप्प्यात कुलपात ठेवून आत जायचं. काकांनी मला विचारलं, “फोन फाटकावर आणि माणूस आत. मग कंपनीत हजर कोण?” मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, “मी रोज सही करतो. अंगठा म्हणशील तर अंगठा देतो. पण नोकरीवर आहे हे सांगायला मी ते विकत घेणार नाही.”

सुपरवायझर येळवंडे निघोज्याचेच, जुन्या घरातले. त्यांनीही समजावलं. “शामराव, येक साधा स्मार्टफोन घ्या की. न्हाई लावला कानाला तरी चालंल. नुसता खिशात ठेवा, देवाच्या टाकासारखा.” काका म्हणाले, “तुमचा देव तुम्ही ठेवा, येळवंडे.” साहेबांनी तर मला केबिनमध्ये बोलावून सुनावलं, “एका माणसासाठी मी रजिस्टर ठेवायचं? तुझे काका आहेत ना, तू बघ.” काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सत्तावीस वर्षांत ज्यांच्यावर एक शेरा नाही, त्या माणसाला शेवटी ताठ मानेने बाहेर पडता यावं, एवढाच प्रश्न होता. आणि मी तो माझ्या अकलेने सोडवला.

मी एक जुना फोन आणला, त्यात काकांच्या नावाने अॅप घातलं आणि तो माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. रोज सकाळी सात वाजता त्यांच्या वतीने मीच ‘हजर’ दाबू लागलो. काकांना सांगितलं, “तुमची सवलत मंजूर झाली.” त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, “शिकलेलं माणूस घरात असावं ते याच्यासाठी.” पाच महिने हे चाललं. मला वाटायचं, मी त्यांचं केवढं काम करतोय.

मग एका सोमवारी त्यांना चऱ्होलीला नातवाच्या शाळेत जायचं होतं. रजेचा अर्ज त्यांनी शनिवारीच कागदावर लिहून येळवंड्यांकडे दिला होता. सोमवारी सकाळी सात वाजता सवयीने माझं बोट चाललं. काका मंगळवारी रजा मांडून घ्यायला टाइम ऑफिसात आले, तर माझ्या शेजारचा कारकून म्हणाला, “रजा कसली, काका? तुम्ही काल फुल शिफ्ट हजर आहात.” काकांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रॉवर अर्धवट उघडा होता. त्यात दोन फोन.

बाहेर सायकल स्टँडपाशी ते हळू आवाजात बोलले. “काल मी नातवाच्या वर्गात बाकावर बसलो होतो. तू मला इथं हजर दाखवलंस. म्हणजे पाच महिने मी आलो काय, न आलो काय, सारखंच होतं?” मी म्हणालो, “काका, तुमच्यासाठीच केलं…” “माझ्यासाठी माझ्या नावानं खोटं बोललास. बंद कर तो.” “मग तुमचे खाडे पडतील.” “पडू दे. येतो तर मी रोज.” साहेबांना खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. काकांनी कुणालाही सांगितलं नाही. ज्यांना आजवर माहीत नव्हतं, त्यांना आता हे वाचून कळेल. कळू दे.

पुढचे दोन आठवडे काका रोज सात वाजता आले, साचे बसवले, आणि अॅपवर रोज गैरहजर पडले. साहेबांनी कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितली. मसुदा मी केला. ‘आपण विनापरवाना सतत गैरहजर आहात…’ आणि ती नोटीस द्यायलाही मीच शॉपमध्ये गेलो, कारण गैरहजर माणूस तिथे प्रेसपाशी उभा होता. काकांनी चिंधीला हात पुसले, कागद कडेने धरला, सावकाश वाचला. म्हणाले, “मजकूर चांगला केलास. एक चूक नाही.” त्यांच्या आवाजात मला टोमणा शोधायचा होता, म्हणजे मला सुटता आलं असतं. टोमणा नव्हता. त्यांनी नोटिशीला एका ओळीचं उत्तर दिलं : ‘मी हजर होतो, येळवंडे यांना विचारावे.’ येळवंड्यांना कुणी विचारलं नाही. आणि स्वतःहून बोलायला येळवंडेही गेले नाहीत, मीही गेलो नाही. महिन्याने काकांनी राजीनामा दिला. त्यांच्या बोटांना तेल लागलेलं असायचं, पण तो कागद स्वच्छ होता. निरोप समारंभ झाला नाही. आता त्या शॉपमध्ये पंच बोथट झाला की माल परत येतो तेव्हा कळतं, आणि मग सगळे एकमेकांना फोटो पाठवतात.

काका-काकू चऱ्होलीला गेले. मी चार महिने तोंड दाखवलं नाही. फोन करता येत नव्हता, हे मला सोयीचंच होतं. शेवटी एक पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं. येत्या रविवारी येतो म्हणून कळवलं. त्या रविवारी सकाळी मी नवीन शर्ट घालून चपला घालत होतो आणि साहेबांचा फोन आला. अॅप अडकलंय, पगाराची हजेरी निघत नाही, तासाभराचं काम आहे. मी गेलो. तास नाही, सबंध दिवस गेला. मनात म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ, काकांना कुठे काय घाई आहे. पुढचा रविवारही असाच काहीतरी होऊन गेला. त्यानंतरच्या बुधवारी तो केक आणि ती मोटारसायकल.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे काकांच्या स्मरणविधीच्या दिवशी मी चऱ्होलीला पोचलो. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणाला, फोनवर मंजुरी आल्याशिवाय वर सोडता येत नाही. मी त्याच्या अंगावर ओरडलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष? सातव्या मजल्यावर एकासारखी एक आठ दारं. पण मला दार शोधावं लागलं नाही. एका दारावर पाटी होती.

काकू म्हणाल्या, “तुझं पत्र आलं त्या दिवशी तीनदा वाचायला लावलं मला. शनिवारी हे स्वतः खाली जाऊन वॉचमनला सांगून आले, उद्या आमचा ग्रॅज्युएट येणार, त्याला अडवू नको. मग ही लिहिली. म्हणलं, बाहेर जाताना लिहायची पाटी, घरी असताना कशाला? तर म्हणले, सगळी दारं सारखीच हायत इथली, त्याला कळलं पाहिजे.” काकू पुढे म्हणाल्या, “दहापासून दार उघडं ठेवून बसले. दुपारी म्हणलं, जेवून घ्या. म्हणले, येईल, त्यानं लिहून दिलंय.”

पाटीवरचं कुणी पुसलं नव्हतं. नंतरचे दहा दिवस काका दळणाला गेले, फिरायला गेले, पण पाटीवर त्यांनी दुसरं काही लिहिलं नाही. त्यांचं ते सुटं सुटं अक्षर : ‘घरीच आहे.’ काकूंनी आत जाऊन माझं पत्र आणलं आणि माझ्या हातात दिलं. घडीवर तेलकट बोट उमटलं होतं, बहुधा जेवणातलं. ते पत्र जसंच्या तसं खाली देतो. त्यातल्या एका ओळीची लाज मला जन्मभर पुरेल.

ती. काकांस,

सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला. लिहायला हिंमत होत नव्हती. तुमच्या नावाने मी पाच महिने खोटी हजेरी लावली आणि मग तुम्हाला गैरहजर ठरवणारा कागदही मीच लिहिला. तुम्ही माझं अक्षर घेऊन साहेबांकडे गेला होतात, त्याच अकलेने मी ते लिहिलं. तुम्ही तोंड उघडलं असतं तर मी आज गावी असतो. उघडलं नाहीत. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत, माफीही मागितली नाही. पत्रात मागणार नाही, समोर येऊन मागेन.

आमच्या घरात मी पहिला शिकलेला. पण शिकल्याचा अभिमान मला तुम्ही वाटायला लावलात, आणि लाजही तुमच्यामुळेच कळली.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता येतो. मध्ये काही कळवणार नाही, कारण बदल होणार नाही. तुम्ही कुठे जाऊ नका. काकूंना भाकरी टाकायला सांगा.

दहा म्हणजे दहा.

तुमचा,
ग्रॅज्युएट