कामवाल्यांच्या रकान्यात माझं नाव

"हे गळ्यात घालायचं. आणि मागच्या लिफ्टने जायचं."

सोसायटीच्या सेक्रेटरींनी टेबलावरून कार्ड माझ्याकडे सरकवलं. प्लास्टिकचं पाकीट, हिरवी नाडी, आत गेटवर काढलेला माझा फोटो. फोटोखाली छापलेलं: घरकाम, बी विंग, सातवा मजला.

मी म्हणाले, काहीतरी चूक झालीय. मी शिक्षिका आहे. सातव्या मजल्यावरच्या हेलेनबरोबर मुलांचे धडे तयार करायला येते. महिनाभर येतेय, तुम्ही बघताय.

ते माझ्याशी बोललेच नाहीत. वॉचमनला म्हणाले, "आजकाल सगळ्याच शिक्षिका." वॉचमन हसला. त्याला हसावं लागतं.

ही टिटवाळ्याच्या नव्या टॉवरांमधली सोसायटी. मी राहते शहाडला, चाळीत. उल्हासनगरहून घाऊक भावात गाऊन आणते, दारोदार विकते. भाव करण्यात मला अजून कोणी हरवलेलं नाही. दहावीनंतरचं सगळं शिक्षण त्याच जोरावर केलं. आणि सहा वर्षं रोज संध्याकाळी टिटवाळ्यात बांधकाम मजुरांच्या मुलांना शिकवते. फुकट. वर्गाची पत्र्याची शेड मी ठेकेदाराशी भांडून मिळवली. ठाण्याची एक संस्था नंतर आली. तिने वह्या दिल्या आणि शेडवर आपली पाटी ठोकली.

मग संस्थेच्या मॅडमनी डेन्मार्कहून हेलेनला आणलं. वर्षभर विनामोबदला शिकवायला. स्टेजवर शाल, नारळ, फोटो. मॅडम भाषणात तिच्या फुकट शिकवण्याला त्याग म्हणाल्या. माझं फुकट शिकवणं त्या भाषणात नव्हतंच.

तिला जागा बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला भाव करता येतो. मी मुद्दाम याच सोसायटीत गेले. मला बघायचं होतं, हे लोक तिला काय विचारतात.

कारण दोन वर्षांपूर्वी मी इथेच माझ्यासाठी घर बघायला आलेले. मालक तयार होता. सेक्रेटरींनी आडनाव विचारलं. मग गाव. मग म्हणाले, इथे व्हेज फॅमिली लागते. मी म्हटलं, घरात मटण-मच्छी शिजवणार नाही, लिहून देते. सवयीने भाव केला मी. माझ्याच ताटाचा. तरी नाही म्हणाले. नकार मी विसरले असते. लिहून देते म्हटलेलं अजून आठवतं आणि कानशिलं तापतात.

हेलेनला त्यांनी काहीच विचारलं नाही. तिचं आडनाव त्यांना उच्चारताही आलं नाही. पहिल्याच रविवारी तिने तव्यावर डुकराचं मांस भाजलं. वास लिफ्टपर्यंत. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, त्यांच्या देशात थंडी असते ना, लागतं त्यांना.

पाणी कधी येतं, सिलिंडर कसा लावायचा, रिक्षावाल्याला काय सांगायचं, सगळं मी शिकवलं तिला. तापाने पडली तेव्हा चार दिवस पेज करून घातली. बघणाऱ्यांनी तेवढंच बघितलं असेल.

पण कार्ड बनवायला रहिवाशाची सही लागते. मी सेक्रेटरींकडे त्या कार्डाचा फॉर्म मागितला. दोन रकाने होते. पाहुणे आणि कामवाले. माझं नाव दुसऱ्यात होतं. खाली हेलेनची सही.

मी तिला फोन करून खाली बोलावलं. ती पुढच्या लिफ्टने हसत आली. तिचं म्हणणं सरळ होतं. पाहुणा आला की वॉचमन दर वेळी फोन करतो, कामवाल्यांना वर्षभराचं कार्ड मिळतं. सोपं पडेल म्हणून सही केली. वाचून केली. मग मीच शिकवलेल्या मराठीत म्हणाली, "फक्त कार्ड आहे, ताई. राग नको."

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, एवढी भाव करणारी तू, आणि एका कार्डावर अडतेस? ती पाहुणी आहे. तुमची जुनी दुखणी तिच्यापुढे काढू नकोस."

तुमची. म्हणजे माझ्या एकटीची नव्हे.

त्या पुढे बोलल्या. पटत नसेल तर उद्यापासून वर्ग हेलेन घेईल, तू जरा आराम कर.

इथे मधला भाव काढता आला असता. कार्ड पर्समध्ये ठेवते, मागच्या लिफ्टने जाते, वर्ग राहू द्या. तो भाव माझ्या जिभेवर आलेला. मी तो गिळला. कार्ड टेबलावर ठेवलं आणि हेलेनला सांगितलं, तुझ्या हाताने माझं नाव त्या रकान्यातून काढ. तोपर्यंत माझ्या वर्गात पाय ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर आली. नाव काढलंस का, विचारलं. ती म्हणाली, सेक्रेटरी नाराज होतील, मला तिथे राहायचंय. मी दारातून हलले नाही. ती मुलांसमोर रडली. रडू दिलं.

आठवड्यात वह्या बंद झाल्या. चार इमारती पुढे हेलेनचा वेगळा वर्ग निघाला. तिथे बिस्किटं मिळतात. माझी निम्मी मुलं तिकडे गेली. मी अडवलं नाही, त्यांना भूक लागते. मॅडम सगळीकडे सांगतात, ती बाई तापट आहे. आहे.

संस्थेची पाटी मी उतरवली. उरलेली मुलं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितात.

आणि त्या सोसायटीत मी भाड्याच्या घरासाठी पुन्हा अर्ज केला. मालक आजही तयार आहे. आडनाव पूर्ण लिहिलं. काय खाते तेही लिहिलं. सेक्रेटरींनी अर्ज हातात घेतला नाही. मग रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोच आली, उत्तर नाही. म्हणून ऑफिसात जाऊन समोर उभी राहिले.

"नाही म्हणायचं तर लेखी म्हणा. कारण लिहा. खाली तुमची सही करा."

ते म्हणाले, बघू, नंतर या.

मी येते. रोज वर्ग सुटला की येते. घर मिळो न मिळो, दोन वर्षांपूर्वी तोंडाने बोललेलं मी आता त्यांच्याकडून कागदावर घेणार आहे. यात भाव होणार नाही.