दादाचं मोजायचं नाही

ऑफिसात सगळे तिला फूटपट्टी म्हणत. तोंडावरसुद्धा. संगणकाच्या मूळ प्रणालीतला वायफायचा भाग तिच्या हाताखालून जायचा, आणि हवेतून आलेलं काहीही मोजल्याशिवाय आत घ्यायचं नाही हा तिचा हेका. नवरा चिडवायचा, "माझं घोरणंही मोजशील एक दिवस."

"मोजलंय. जास्त भरलं."

हेका उगाच नव्हता. आसपासचं प्रत्येक वायफाय आपलं नाव हवेत ओरडत असतं, आणि नाव किती लांब तेही स्वतःच सांगतं. ते ठेवायला मेमरीत जागा मात्र ठरलेली. त्याच्या शब्दावर विसंबून ओतत गेलं, की नाव शेजारच्या जागेत सांडतं. चलाख माणूस मग नावाऐवजी हुकूमच सांडतो आणि मशीन त्याचं होतं. पासवर्ड नको, काही नको. भिंतीपलीकडे बसलं की झालं.

एका माणसाचं मात्र ती मोजायची नाही. दादाचं. सख्खा भाऊ नव्हे, ऑफिसातला ज्येष्ठ सहकारी. बोटाला धरून त्यानंच तिला हे काम शिकवलेलं. एकानं लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यानं वाचून पास करायचा, असा तिथला नियम. दादा आला की ती खुर्ची ओढून द्यायची आणि न वाचताच पास करायची. एकदा त्यानं तिचीच मोजणीची ओळ काढून टाकली. "अगं, वरच्या पायरीवर मोजतोच की आपण. दोनदा कशाला? दे करून."

तिनं दिलं.

वर कुणीच मोजत नव्हतं. नवी आवृत्ती घरोघरी पोचली आणि बाहेरच्याच कुणीतरी ते भोक शोधून काढलं.

तरी चौकशीच्या बैठकीला ती निर्धास्त गेली. गटाची प्रमुख म्हणून तिचं नाव जवळजवळ पक्कं होतं. न वाचता पास केलं हे ती सांगणारच होती. बाकीचं दादा सांगेल.

"ओळ काढली कुणी?" साहेबांनी विचारलं.

"मी," दादा म्हणाला. तिला हायसं वाटलं. "पण हिला विचारून. हीच म्हणाली, वर मोजतात म्हणून."

"दादा, हे तुम्ही म्हणालात!"

"नीट आठव बाळा," तो मायेनं म्हणाला. खडसावलं असतं तर तिला इतकं लागलं नसतं.

प्रमुखपद दादाकडे गेलं.

"भांडायचंस की," घरी नवरा म्हणाला.

"कशी भांडणार? केसानं गळा कापला रे. तोही डोकं मांडीवर घेऊन."

दुसऱ्या दिवशी दादानं दुरुस्ती लिहिली आणि नेहमीसारखा तिच्या टेबलाशी आला. "दे गं पास करून. लोक खोळंबलेत."

तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"अगं, माझंच आहे ते."

"म्हणूनच वाचतेय."

शेजारची खुर्ची रिकामी होती. तिनं ती ओढली नाही. दादा उभ्यानंच वाट बघत राहिला.