उरेल तो डबा

तोरिल नेस्विकच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी दोन डबे भरले जायचे. एकात पावाच्या कापांवर टोमॅटोतला बांगडा, दुसऱ्यात तपकिरी गोडसर चीज. काप एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कागद. वर दोन्हींत खाकऱ्यासारख्या कडक पावाचा एकेक तुकडा. डबे भरून झाले की ती ओट्यापासून दोन पावलं मागे सरायची आणि थोडा वेळ थांबायची. मग दोन्ही डबे आपल्याच पिशवीत टाकून विमानतळावर जायची. घरात दुसरं कुणी नव्हतं.

तोरिल अठ्ठावन्न वर्षांची, नॉर्वेतल्या बूडोहून उत्तरेकडे उडणाऱ्या छोट्या विमानांची कॅप्टन. तिचा नवरा होवार त्याच कंपनीत सहवैमानिक होता. तो आधी बोटी दुरुस्त करायचा, उडायला उशिरा शिकला. कॅप्टनच्या परीक्षेचा विषय निघाला की म्हणायचा, "घरात एक कॅप्टन पुरे." अकरा वर्षं महिन्यातले बरेच दिवस कॉकपिटमध्ये ती डावीकडे आणि तो उजवीकडे असे बसले.

दोन वैमानिकांनी एकच अन्न खायचं नाही, ही त्यांच्या कामातली जुनी शिस्त. एकाचं पोट बिघडलं तर दुसऱ्याने विमान उतरवायचं. दोन डब्यांतला एक कॅप्टन आधी निवडतो, असा रिवाज. या दोघांनी तो घरीही आणला. रविवारी एका ताटात मासा, तर दुसऱ्यात कोबी घालून शिजवलेलं मटण. पाहुणे थट्टा करायचे, "जेवणाची खोली आहे की कॉकपिट?" दोन ताटं समोर ठेवून होवार तिच्याकडे बघायचा.

"तू घे आधी. उरेल ते माझं."

विमानात जेवताना मात्र तो माइक बंद करायला हमखास विसरायचा. कडक पाव त्याच्या दाढेखाली आला की तिच्या हेडफोनमध्ये कुरकुर सुरू व्हायची.

"होवार, बटण. अख्खं नॉर्वे ऐकतंय तुझी दाढ."

"अख्खं कुठे? तू एकटीच ऐकतेस."

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, दारासमोरचा बर्फ उपसताना तो फावड्याला टेकून खाली बसला. तोरिलने खिडकीतून पाहिलं. दमला असेल असं वाटून ती कॉफी ओतत राहिली. कॉफी ओतून झाली तरी तो उठला नव्हता.

त्यानंतर महिनाभराने ती पुन्हा उडायला लागली, आणि पहिल्याच आठवड्यात तिला ती कुरकुर ऐकू आली. चढताना नाही, उतरताना तर कधीच नाही. विमान वर स्थिरावलं आणि जेवायची वेळ झाली की. उजवीकडे बसलेला माणूस नुसता पाणी पीत असायचा.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. पण डबा उघडला की तिचा हात थांबायचा. बांगडा घ्यावा, तर त्याला बांगडाच हवा असला तर? चीज घ्यावं, तर तेही तसंच. तीस वर्षांच्या संसारात त्याला काय आवडतं हे आपण कधी विचारलंच नाही, हे तिला आता कळत होतं. दोन्ही डबे भरलेले परत यायचे. विमानांच्या हँगरमागे ती ते रिकामे करायची; तिथले समुद्रपक्षी तिला ओळखायला लागले होते. मुक्कामाच्या हॉटेलातही तेच. नाश्त्याला ती दोन बशा भरून घ्यायची आणि कॉफी पिऊन उठायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला वार्षिक तपासणी झाली. डॉक्टर बर्गल्योत तिला वीस वर्षं ओळखत होती.

"नऊ किलो कमी, तोरिल. आणि रक्त तर असं की मला सही करताना लाज वाटेल."

"जेवण होत नाही वेळेवर. प्रवास असतो."

"प्रवास तुला गेली तीस वर्षं आहे. बाकीची कारणं घरी ठेव. सहा आठवड्यांनी परत रक्त घेईन. वजन आणि रक्त वाढलं नाही तर तुला खाली बसवीन, मग मला शिव्या दे."

खाली बसवणं म्हणजे परवाना काढून घेणं. तोरिल घरी आली आणि बराच वेळ अंगातला कोट न काढता बसून राहिली. तिला पगाराची काळजी नव्हती. जमिनीवर तिला होवार कुठेच ऐकू येत नव्हता. त्याचे बूट, त्याची खुर्ची, सगळं गप्प होतं. तो उरला होता तो फक्त वर, त्या अर्ध्या तासात.

तरीही पुढचे चार आठवडे डबे भरलेलेच परत आले.

पाचव्या आठवड्यात ट्रॉम्सोच्या दुपारच्या फेरीला ओडा सहवैमानिक म्हणून तिच्यासोबत आली. छत्तिशीची, जुळ्या मुलींची आई, बोलकी. सूर्य उगवत नाही ते दिवस. बाहेर दुपारी निळसर उजेड होता, डोंगर बर्फाने पांढरे. विमान स्थिरावल्यावर ओडाने कपाळावर हात मारला.

"माझा डबा पोरींच्या दप्तरात गेला वाटतं. त्या आज शाळेत माझा खारवलेला हेरिंग मासा खातील. शिक्षिका फोन करणार."

तोरिलने दोन डबे बाहेर काढले. ओडाने ते पाहिले.

"होवारबरोबर मी एकदा उडले होते," ती म्हणाली. "तू रजेवर होतीस. त्या दिवशी कॅप्टनने त्याला म्हटलं, आज तू निवड. मी मागे जादा सीटवर होते. तर हा दोन डबे मांडीवर घेऊन बसला, शाळेत फळ्याजवळ उभं केलेल्या पोरासारखा."

"मग?"

"मग म्हणाला, मला काय आवडतं ते तोरिलला विचारावं लागेल."

तोरिलने दोन्ही डबे ओडापुढे धरले.

"तू घे आधी."

"कॅप्टन तू आहेस."

"म्हणूनच सांगतेय. घे."

ओडाने चीजचा डबा घेऊन मांडीवर ठेवला. बांगड्याचा उरला. तोरिलने झाकण काढलं, कागद बाजूला केला आणि पहिला काप खाल्ला. मग दुसरा. टोमॅटोचा आंबटपणा जिभेला झोंबला. शेवटी कडक पाव उचलून तिने दाढेखाली धरला.

"तोरिल," ओडा हळूच म्हणाली, "तुझा माइक चालू आहे."

"चुकलं," तोरिल म्हणाली. तिने घास गिळला. डबा रिकामा होता. ओडाच्या मांडीवरचा अजून बंदच होता, तिचे हात नकाशावर होते.

कानात कुरकुर चालूच होती, सावकाश, मन लावून जेवणाऱ्या माणसाची.

तोरिलने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. ट्रॉम्सोचे दिवे दिसू लागेपर्यंत तिने त्याला जेवू दिलं.