चाप मागे आला होता

गल्लीत सगळे त्यांना सेफ्टीकाका म्हणत. नव्या पोरांना वाटे, काका जन्मभर पहारेकरी होते म्हणून हे नाव पडलं असेल. जुन्यांना खरं कारण ठाऊक होतं. ते कारण कुणी तोंडावर काढत नसे, पण नाव मात्र खुशाल हाक मारायला वापरत, आणि काका निमूट 'ओ' देत. माणूस नाकासमोर चालणारा. दिलेलं नाव परतही करता येतं, हे त्यांना कधी सुचलंच नाही.

कारण असं, की काका एका बँकेच्या दारात उभे असत, कमरेला पिस्तूल लावून. पिस्तूल पहारेकरी पुरवणाऱ्या कंपनीचं. सकाळी कंपनीचा मुकादम ते पेटीतून काढून द्यायचा, संध्याकाळी पुन्हा पेटीत ठेवून कुलूप घालायचा. चापाला बोट लागलं तर नोकरी गेली, असा त्याचा दम होता. दुसरा कुणी असता तर कोपऱ्यात जाऊन एकदा तरी खटका वाजवून बघितला असता. काकांनी नाही बघितला. नको म्हणून सांगितलंय ना, मग नको. ते आपले पिस्तूल बाहेरून फडक्यानं पुसायचे आणि तेवढ्यावर खूश असायचे.

त्याच बँकेत गल्ल्यावर काकूंचा धाकटा भाऊ बसायचा. काकांना तिथे चिकटवलं होतं त्यानंच. एके दिवशी भरदुपारी दोघं जण तोंडाला रुमाल बांधून आत शिरले. एकाच्या हातात आखूड बंदूक. काकांनी पिस्तूल उपसलं, अंगठ्यानं सेफ्टीची, म्हणजे गोळी अडवणारी कळ खाली केली, नेम धरला आणि चाप ओढला. चाप मागे आला, पार शेवटापर्यंत आला. पण बार झाला तो समोरच्याचा. गोळी काच फोडून मेहुण्याच्या उजव्या खांद्यात शिरली. चोर रिकाम्या हातांनी पळाले आणि मेहुण्याचा हात कायमचा लुळा पडला.

मुकादम धावत आला, पिस्तूल काकांच्या हातून काढून घेतलं आणि चारचौघांत म्हणाला की सेफ्टी लावलेलीच आहे. काका म्हणाले, मी काढली होती, चाप मागे आला होता. तेव्हा त्यानं खांद्यावर हात ठेवून समजावलं, की सेफ्टी लावलेली असली की चाप असाच ढिला पडतो, काका. घाबरलात तुम्ही, होतं असं. काकांना सेफ्टी लावल्यावर चाप कसा लागतो हे कुठं माहीत होतं? त्यांनी ते मुकाट मान्य केलं. पुढची नोकरी एका गोदामाच्या फाटकावर हातात काठी घेऊन झाली. दरोड्याच्या रात्री इस्पितळात काकू एवढंच म्हणाल्या होत्या, "तुमच्या हातून एवढंही झालं नाही." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं काकांना कितीदा वाटे.

मेहुणा दर रविवारी संध्याकाळी येई. काकू त्याच्यासाठी फळं कापून बारीक फोडी करून ठेवत, काका त्याच्या कपात चहा अर्धाच ओतत, म्हणजे डाव्या हातानं सांडायला नको. मेहुण्याला चप्पल चालत नसे. बँकेतला माणूस, बूटच हवेत, तेही नाडीचे. निघताना तो दाराजवळच्या खुर्चीत बसून पाय पुढे करी, आणि काका गुडघे कुरकुरत असताना खाली बसून त्याच्या नाड्या बांधत. मोठ्या बहिणीचा नवरा धाकट्या मेहुण्याच्या पायाशी! शेजारीपाजारी बघून न बघितल्यासारखं करत. काकांना मात्र त्यात वावगं वाटत नसे. हात आपण घालवला, निदान नाडी तरी बांधावी.

काकांची लेक दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. तिनं वर्षभरापूर्वी पिस्तुलाच्या नेमबाजीचं वेड घेतलं. कागदावरची शांत नेमबाजी नव्हे, पळत पळत लोखंडी पत्रे पाडायची स्पर्धा असते ती. ही आवड तिला नेमकी कुठून लागली, हे घरात कुणी विचारलं नाही. एका रविवारी तिनं दिवसभराच्या शिबिरात आपलं आणि मैत्रिणीचं नाव घातलं होतं, आणि मैत्रीण ऐन वेळी तापानं आडवी झाली. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही चला. त्यांनी गुडघ्यांचं कारण पुढे केलं. तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "जा की. बघा तरी, कसं असतं ते." हा टोमणा होता की साधं बोलणं, हे काकांना वाटेत अर्ध्या रस्त्यापर्यंत कळेना.

शिबिर गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत होतं. पत्र्याची शेड, समोर मातीचा उंच बांध, बांधापुढे पांढरे रंगवलेले पत्रे. शिकवायला एक बाई होत्या. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की खाणीतली कबुतरं उडाली. सकाळभर गोळ्या मिळणार नाहीत, त्या म्हणाल्या. आधी रिकाम्या पिस्तुलावर हात बसवायचा. कमरेचं पिस्तूल उपसायचं, दोन्ही हातांत धरायचं, पुढे न्यायचं, चाप अलगद दाबायचा. काकांनी पिस्तूल उपसलं आणि सवयीनं टाचा जुळवून ताठ उभे राहिले. शेजारचा बेकरीवाला फिसकन हसला. लेकीनं डोळे वटारले तसा गप्प झाला.

पिस्तूल त्याच बनावटीचं होतं. हातात घेताक्षणी काकांनी ओळखलं, कारण मुठीवरच्या रेघा त्यांनी इतकी वर्षं फडक्यानं पुसल्या होत्या.

मग बाईंनी सगळ्यांना सेफ्टी वर करायला लावली. म्हणाल्या, आता चाप दाबा, चांगला जोर लावून दाबा, सेफ्टी म्हणजे काय ते बोटाला कळू दे. काकांनी दाबला. चाप हलला नाही. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. पुन्हा दाबला. बोटाचं टोक पांढरं पडलं, चाप भिंतीसारखा जागच्या जागी.

"बाई, याचा चाप अडकलाय," काका म्हणाले.

"अडकायलाच हवा, काका. सेफ्टी आहे ना."

"ढिला नाही पडत?"

"नाही. या बनावटीत कधीच नाही."

काकांनी पिस्तूल पुन्हा पुढे नेलं. त्यांनी सेफ्टी खाली केली आणि पुन्हा चाप दाबला. थोडा मागे आला, अडला, आणि खट्. केवढा आवाज! त्या दिवशी हा आवाज झाला नव्हता. चाप दगडासारखा घट्टही नव्हता आणि खट्ही नव्हतं. त्यांनी पिस्तूल मेजावर ठेवलं, आणि बाईंना हळूच विचारलं, की समजा चाप पार मागे गेला आणि आवाजच झाला नाही, तर?

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "मग आतल्या स्प्रिंगा काढलेल्या असतात. दाखवायचं पिस्तूल. कुठे कुठे पहारेकऱ्यांना देतात असली. कुणी दिलं होतं तुम्हाला?"

लेकीनं पाण्याची बाटली पुढे केली, ती काकांना दिसलीही नाही. आपण घाबरलो नव्हतो, हे एवढंसं वाक्य डोक्यात शिरायला जागा शोधत होतं आणि तिथे आधीपासून दुसरंच वाक्य पाय पसरून बसलेलं होतं.

दुपारी गोळ्या मिळाल्या. शिट्टीसारखं यंत्र वाजलं की पळायचं, थांबायचं, पत्रा पाडायचा. काका पळाले कसले, झपझप चालले. नेम म्हणाल तर यथातथाच. एकदा तर स्वतःचा सोडून बेकरीवाल्याचा पत्रा पाडला आणि सगळे हसले. पण यंत्र वाजलं की हात आखडत नव्हता, अंगठा आपसूक सेफ्टी खाली करत होता, बार होत होता. प्रत्येक बाराला काकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. लेकीला वाटलं, धूर लागला असेल.

घरी आले तेव्हा मेहुणा आलेलाच होता. काकू त्याच्यासमोर बसून फोडी करत होत्या. काकांनी पायातले बूटही काढले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, सेफ्टी, दगडासारखा चाप, काढलेल्या स्प्रिंगा. बोलताना ते काकूंकडे बघत होते, कारण ऐकवायचं होतं ते त्यांना. म्हणाले, कंपनीनं मला फसवलं गं, आणि तुझ्या भावालाही. आपण दोघं तिथे लोखंडाच्या तुकड्याच्या भरवशावर उभे होतो.

काकूंचा हात थांबला. मेहुण्यानं कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. आधी ते लेकीच्या लक्षात आलं, मग काकूंच्या, आणि सगळ्यात शेवटी काकांच्या.

"मामा?" लेक म्हणाली.

मेहुण्यानं बशी बाजूला सारली. "कंपनीनं नाही फसवलं, भावोजी," तो म्हणाला. "मीच सांगितलं होतं कंपनीच्या साहेबांना. तुम्ही दारात, माझ्या अगदी समोर उभे असायचा. तुम्ही असे धांदरट, साधी किल्ली हातातून दोनदा पडायची तुमच्या. मला दिवसभर छातीत गोळी बसल्यासारखं वाटायचं. म्हटलं, माणूस घ्या, घरचा आहे. पण त्याचं पिस्तूल आतून निकामी करून द्या."

"आणि नंतर?" काकांनी विचारलं.

"नंतर तुम्ही नाडी बांधायला बसलात," मेहुणा म्हणाला. "मग कसं सांगणार?"

काकूंनी सुरी ताटात ठेवली. त्या उठून आत गेल्या आणि नळ सोडला. नळाखाली भांडं ठेवल्याचा आवाज आला नाही, नुसतं पाणी वाहत राहिलं. लेक भिंतीला टेकून उभी होती. काकांना राग यायला हवा होता, आणि येत नव्हता. इतक्या रविवारांचं ओझं एकदम खाली ठेवलं की अंग हलकं होत नाही, हे त्यांना आज कळत होतं. अंग बधिर होतं.

मेहुणा जायला उठला. दाराजवळच्या खुर्चीत बसून त्यानं एका हातानं बुटांत पाय सरकवले. आणि सवयच ती, उजवा पाय पुढे झाला. झाला तसा त्याच्या ध्यानात आलं, पण आता मागे कसा घ्यावा हेही त्याला कळेना. पाय तसाच हवेत राहिला.

काका त्या सुटलेल्या नाडीकडे बघत होते. गुडघे आपोआप वाकायला निघाले होते, ते त्यांनी सरळ केले. मग त्यांनी दार उघडून धरलं.

"पुढच्या रविवारी चप्पल घालून ये," ते म्हणाले.