जिथं आपलं कोणी नाही

अमरावतीत कठोरा नाक्याच्या अंगाला चतुराबाईंची मेस आहे. मेस म्हणजे काय, तर घरचीच पुढची खोली, दोन लांब बाकं आणि दोन्ही वेळा जेवायला येणारी कॉलेजची पोरं. कोणी परतवाड्याचं, कोणी वरूडचं, एक तर पार मेळघाटातल्या आतल्या गावाचं. बाई वाढते भरपूर आणि बोलतेही भरपूर. ताटात पोळी टाकून उठणाऱ्याची ती अशी हजेरी घेते की दुसऱ्या दिवशी तो पोट्टा ताट चाटूनपुसून उठतो. नवरा जानराव एसटीत कंडक्टर. दिवसभर प्रवाशांशी हुज्जत घालून आल्यावर घरात वाद घालायचं त्राण त्यांच्यात उरत नाही, आणि उरलं असतं तरी काही फायदा नव्हता.

अशी ही बाई एका माणसासमोर मात्र लग्न झाल्यापासून मुकी होती. ते म्हणजे जानरावांचे थोरले भाऊ, अकोल्याचे खुशालराव. भासऱ्याशी तोंड उघडून बोलायचं नाही, ही सासरची रीत. ते आले की डोक्यावर पदर, आणि सांगायचं ते लेकीच्या तोंडून. ‘पिंकी, मोठ्या बाबाईले इचार, भाजी पायजे का?’ मोठे बाबा तिथंच बसलेले, सगळं ऐकत असलेले, तरी उत्तर पिंकीमार्फतच यायचं. हसू नका, अशी घरं वऱ्हाडात आजही पैशाला पासरी आहेत.

पिंकी, कागदोपत्री प्रज्ञा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या कॉलेजचा परदेशातल्या काही विद्यापीठांशी करार आहे. दरवर्षी मोजकी मुलं एका सेमिस्टरसाठी तिकडं जातात, आणि यंदा तिचा नंबर लागला होता. जायचं जानेवारीत. आता गाव कुठलं निवडायचं तेवढंच बाकी होतं. पिंकीनं सगळं चाळून फिनलंडमधलं तांपेरे काढलं. तिथले विषय तिच्या अभ्यासक्रमाशी जुळत होते, त्यामुळे तिथले मार्क इथं धरले जाणार होते. दुसरी जागा होती जर्मनीत, स्टुटगार्टला. तिथं निम्मे विषय जुळत नव्हते. तिकडं गेली तर परत येऊन तेच सेमिस्टर पुढच्या जानेवारीत पुन्हा, म्हणजे वर्षाची माती.

पण स्टुटगार्टला कुंदन होता ना! खुशालरावांचा मुलगा. चांगली नोकरी, तीन खोल्यांचं घर, बायको, आणि नुकतंच झालेलं बाळ. मग काय विचारता! नातेवाइकांनी तांपेरेचं नावसुद्धा धड ऐकून घेतलं नाही. जिथं आपलं माणूस नाही तिथं पोरगी कशी पाठवायची? तिकडं म्हणे दिवस उजाडतच नाही, बर्फात बसगाड्या अडकून पडतात. शेचाळीस डिग्रीत तापलेल्या पोरीला तिथं गारठवून मारायचं आहे का? जानरावांनाही हे पटलं. ते म्हणाले, एखादं वर्ष गेलं तर गेलं, पोरगी घरच्यांत तर राहील. पिंकी दोन दिवस भांडली, मग हिरमुसून गप्प बसली. सोमवारी पसंती कळवायची होती, सोबत घरच्यांची संमती जोडून.

रविवारी अकोल्याला नातवाच्या जन्माचं जेवण होतं. सगळा गोतावळा जमला. जयभीम, खुशाली झाली, पंगत उठली, पुरुषमंडळी बैठकीत बसली. चतुराबाई दारात, पदर सावरून. खुशालरावांनी पिंकीला जवळ बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि सांगून टाकलं की कुंदननं खोली रिकामी करून ठेवली आहे. माणूस मोठ्या मनाचा, त्यात शंका नाही. पुढं सहज म्हणाले, मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, जर्मनीला जाईल, पण तिचा व्हिसा डिसेंबरात संपतो. मग सूनबाई एकटी. पिंकी जानेवारीत पोचतेच आहे, बाळाला तेवढाच तिचा हातभार.

तेवढाच हातभार! चतुराबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पहिल्यांदा त्या सवयीनं बोलल्या, "पिंकी, मोठ्या बाबाईले सांग..." आणि थांबल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तो त्यांनी पुन्हा वर घेतला नाही.

"राहू दे. मीच सांगते. दादा, पिंकी स्टुटगार्टले जानार नाई."

जानराव तर असे बघत राहिले, जणू भिंतच बोलली. खुशालरावांना कुणाकडं बघून उत्तर द्यावं तेच कळेना. ते पिंकीकडं बघत म्हणाले, "आईले इचार, कावून?"

"मले इचारा," चतुराबाई म्हणाल्या. "लग्नाआंधी मी बी शिकाले गेलती दादा. याच अकोल्यात, डी.एड.ले. आपल्याच मानसाच्या घरी राह्यली. घरात बाळंतीन होती. सारे म्हनत, चतुराचा तेवढाच हातभार. मी पानी भरे, सैपाक करे, लेकरू खेळवे. कालेजात जाले टाइमच नाई राहे. हजेरी भरली नाई, परीक्षेले बसू देल्लं नाई. अन् गावात बोभाटा झाला, पोरीचं डोकंच चालत नाई."

हे जानरावांनाही ठाऊक नव्हतं. ते इतकी वर्षं समजत होते, बायको अभ्यासात कच्ची होती. कधीमधी चारचौघांत त्यावरून थट्टाही करायचे. आणि ती ऐकून घ्यायची, भल्याभल्यांना वाजवणारी ही बाई!

खुशालराव दुखावले. कुंदन असा नाही, सून अशी नाही, पिंकीला कोणी कामाला लावणार नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. आवाजही चढला.

"ते बी वाईट नवते," चतुराबाई म्हणाल्या. "कोनी मले मारलं नाई, उपाशी ठेवलं नाई. मानसं चांगली होती, म्हनूनच फसली मी. परक्याले नाई म्हनता येते दादा. आपल्याईले नाई म्हनता येत नाई."

खुशालरावांनी शेवटचा पत्ता टाकला. "अन् तिथं काई झालं तं? कोन हाये तिचं?"

"ती हाये ना. तिची ती," बाई म्हणाल्या. "माह्या मेसमधल्या पोराईचं तरी अमरावतीत कोन हाये? जगून राह्यले, शिकून राह्यले. मी वाढते, ते जेवतात, आपापल्या अभ्यासाले लागतात. त्याईले मी बाळ खेळवाले लावत नाई." आणि नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, तुमी सही करा, नाईतर मी करते. आईची बी चालते, मी कालेजात इचारून घेतलं.

चहा न घेताच तिघं निघाली. खुशालराव दारापर्यंत आले नाहीत. आता पुढच्या कार्यात या बाईला कोण कसं वागवेल ते तिला पक्कं माहीत होतं. वागवोत. बस मूर्तिजापूरला आली. तेव्हा जानराव हळूच म्हणाले, मले कधी सांगतलं नाई तू. तुमी कधी इचारलं, असं म्हणून चतुराबाईंनी विषय मिटवला. जरा वेळानं जानरावांनीच विचारलं, सही कुठं करायची, निळ्या पेनानं की काळ्या.

पिंकी दोघांच्या मागच्या सीटवर होती. जिंकली होती खरी, पण चेहरा उतरलेला. पुढं वाकून आईच्या कानाशी म्हणाली, "आई, आता मले भेव वाटून राह्यलं. तिथं खरंच कोनी नाई आपलं."

"वाटू दे," चतुराबाई म्हणाल्या. "भेव वाटलं तरी परीक्षेले बसता येते."