गजांच्या आतल्या वन्सं

वन्संचा हात किती घट्ट, ते त्यांच्या धाकट्या भावजयीला विचारावं. भावजय शिवणकाम करणारी. दिवसभर मशीनवर वाकून लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि संध्याकाळी वन्संबरोबर तळ्याच्या बागेत तीन फेऱ्या मारायच्या, हा भाऊ गेल्यापासूनचा, नऊ वर्षांचा नेम. व्यायाम पायांना कमी, जिभेलाच जास्त.

मग बागेला तिकीट लागलं. दाराशी खिडकी आली, खिडकीत जांभया देणारा तिकीटवाला आला. वर्षाचा पास स्वस्त पडतो म्हणून वन्संनी पहिल्याच दिवशी तो काढला, फोटोबिटो चिकटवून. भावजय म्हणाली, चार तिकिटांत माझी एका पँटीची मजुरी जाते, वारा खायला मी पँट देणार नाही. ती बाहेरच्या फुटपाथवरून चालू लागली.

झालं, वन्सं बागेच्या कुंपणाच्या गजांच्या आत, भावजय बाहेर. बघणाऱ्याला वाटावं, तुरुंगात भेटीची वेळ झालीय. महिनाभरात बाकीच्या बायकाही फुटपाथवर उतरल्या. आत उरली बदकं आणि वन्सं. पैसे वसूल व्हावेत म्हणून त्या रोज वेगळ्या बाकावर बसून यायच्या.

पंचाईत एकच. पंपाच्या खोलीपाशी गज संपून भिंत लागायची, चांगली शंभर पावलं. भावजय पक्की लबाड, गोष्ट रंगात आली की नेमकी तिथे पोचायची. मग वन्सं गुडघा सांभाळत दुडूदुडू पलीकडे हजर. हं, मग सासू काय म्हणाली?

त्या दिवशी मात्र भावजय खाली मान घालून चालत होती. मुलगा तिला दुसऱ्या गावी, स्वतःकडे कायमची बोलावत होता. आठवडाभर वन्संच्या घशाखाली घास उतरत नव्हता, पण विचारतील तर शपथ. भिंतीच्या तोंडाशी भावजय म्हणाली, "वन्सं, काल मी त्याला फोन करून सांगितलं..."

आणि भिंत आली.

वन्सं पळाल्या. पलीकडे पाहतात तर भावजय आठ-दहा जणींच्या घोळक्यात, आणि त्यांतली पोस्टात काम करणारी बाई डोळे पुसतेय. म्हणजे सगळ्यांना कळलं. फक्त आपल्यालाच नाही.

त्या तशाच वळल्या आणि तरातरा दाराबाहेर आल्या. एकदा बाहेर पडलात की आजचा पास संपला, असं तिकीटवाला बजावत राहिला. वन्संनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घोळक्यात घुसून त्यांनी भावजयीचं कोपर धरलं.

"काय सांगितलंस त्याला?"

"अहो, पास फुकट जाईल तुमचा."

"जाऊ दे. बोल."

भावजयीने सावकाश चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सांगितलं, येत नाही म्हणून. माझं मशीन कोण उचलणार?"

वन्संनी तिला चारचौघींत एक धपाटा घातला. मग धाप टाकत विचारलं, "आणि ही पोस्टातली का रडतेय?"

"तिच्या नव्या ड्रेसच्या बाह्या मी आखूड कापल्यात," भावजय हळूच म्हणाली. "तुम्ही जरा आमच्या दोघींच्या मधून चाला."